चिप्स सोडताय? कुरकुरीत खाऊच्या बाबतीत या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात चिप्सला पर्याय शोधायला लांब जावं लागत नाही. चुरमुरे, फुटाणे, डाळं, शेंगा, ज्वारीच्या लाह्या, कडक भाकरी, नाचणीचे पापड, सगळं बाजारात मिळतं आणि पाकिटापेक्षा स्वस्तही पडतं. तरी चिप्स बंद करायचा बेत बरेचदा थोडे दिवसच टिकतो. माझ्या मते त्याचं कारण चवीपेक्षा डब्यात जास्त आहे. घरी केलेला खाऊ दोन दिवसांत सादळतो, चिवट लागतो आणि मुलं पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानाकडे वळतात. चिप्सची ओढ मुळात कुरकुरीची आणि मिठाची असते. मीठ थोडं कमी असलं तर जीभ सांभाळून घेते, पण मऊ पडलेला चुरमुरा कुणीच दुसऱ्यांदा तोंडात टाकत नाही.

पाकीट बदललं, तळण तेच राहिलं

बटाट्याचे चिप्स सोडून केळ्याचे वेफर्स, ‘मल्टिग्रेन’ चिप्स, नाचणी स्टिक्स, शेव-फरसाण यांच्याकडे वळणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. बटाट्याच्या 100 ग्रॅम चिप्समध्ये साधारण 33 ते 35 ग्रॅम चरबी आणि 530-540 कॅलरी असतात. केळ्याचे वेफर्सही तळलेलेच, त्यामुळे त्यांचा आकडा फारसा वेगळा येत नाही. शेव तर कधी कधी चिप्सच्याही पुढे जाते. पाकिटाच्या पुढच्या बाजूला नाचणीचं कणीस छापलेलं असलं तरी मागची बाजू वाचाच. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तीन नावांत मैदा, मक्याचं पीठ किंवा तांदळाचं पीठ आणि पामतेल असेल, तर नाचणी नावापुरतीच आहे असं समजा.

दुसरं म्हणजे ‘प्रति सर्व्हिंग’ या रकान्याला भुलू नका. तिथे 20 किंवा 30 ग्रॅमचा हिशेब असतो आणि पाकीट एका बैठकीत संपतं. 100 ग्रॅमचा रकाना बघून दोन पाकिटांची तुलना करा. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, आणि त्यात आमटी, भाजी, लोणचं सगळं आलं.

चुरमुरे हलके म्हणून तेलाचा हात सैल

भडंगाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे पर्याय म्हटलं की आधी भडंगच आठवतं. चुरमुऱ्यांत स्वतःचं तेल जवळजवळ नसतं, पण घातलेलं सगळं तेल ते पिऊन टाकतात. एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिली तेल, साधारण 120 कॅलरी. अर्धा किलो चुरमुऱ्यांना 150 मिलीची वाटीभर तेल घातलं तर बाराशे कॅलरी नुसत्या तेलातूनच आल्या. वाटीने ओतण्याऐवजी चमच्याने मोजा. पाव किलोला दोन मोठे चमचे पुरतात, अट एवढीच की कढई मोठी हवी आणि चुरमुरे आधीच गरम केलेले हवेत. गरम चुरमुऱ्यांवर फोडणी पटकन पसरते. थंड चुरमुऱ्यांत ती एकाच जागी शोषली जाते आणि मग आपण वरून आणखी तेल घालतो.

मिठाचंही तसंच. चुरमुरे करताना भट्टीवाले तांदूळ साधारणपणे मिठाच्या पाण्यात मुरवून मग तापलेल्या वाळूत फुलवतात. म्हणजे मीठ आधीच आत असतं. म्हणून आधी चार दाणे नुसते चाखून बघा आणि मगच मीठ घाला.

आणखी एक गोष्ट. नुसत्या चुरमुऱ्यांनी पोट भरत नाही, आणि ते पचून रक्तातली साखरही झटकन वाढवतात. त्यांत डाळं भरपूर आणि मूठभर शेंगदाणे असू द्या. चुरमुऱ्यांच्या निम्म्याने डाळं घातलं तरी बिघडत नाही. पुटाणी म्हणून मागितलंत तरी दुकानदार तेच देतो. डाळ्यामुळे प्रथिनं वाढतात, आणि मूठभर खाऊन माणूस थांबतो.

डबा उघडला की मऊ

तीच कृती, तेच माप, तरी अथणीकडच्या कोरड्या हवेत चिवडा आठवडाभर खुटखुटीत राहतो आणि जुलैत खानापुरात दुसऱ्या दिवशीच सादळतो. कणकुंबीच्या बाजूला तर पावसाळ्यात मीठसुद्धा पाणी सोडतं. कुरकुरीतपणा म्हणजे पदार्थात पाणी अगदी कमी असणं. ते थोडं वाढलं की स्टार्च लवचिक होतो आणि दाताखाली तुटण्याऐवजी दबतो. म्हणून आपली सगळी खटपट पाणी आत येऊ न देण्याची.

चुरमुरे तयार आहेत की नाहीत हे बघायची रीत सोपी आहे. एक दाणा कढईतून काढून अर्धा मिनिट थंड होऊ द्या आणि बोटांच्या चिमटीत दाबा. करकर आवाज होऊन त्याचा भुगा झाला तर काम झालं. चपटा झाला तर मंद आचेवर आणखी परता. गरम असतानाच दाबू नका, कारण गरम दाणा नेहमीच जरा मऊ लागतो आणि त्याच्या नादात आपण जास्त भाजून बसतो.

एवढं करूनही चिवडा मऊ पडत असेल तर दोष बहुतेक फोडणीत असतो. लसूण हा पहिला संशयित. भडंगाला ठेचलेला लसूण लागतोच, पण कडा सोनेरी झाल्या म्हणून गॅस बंद केला तर आतलं पाणी तसंच राहतं आणि डब्यात ते चुरमुऱ्यांत उतरतं. मंद आचेवर तो पूर्ण कुरकुरीत होऊ द्या. कढीपत्ता धुतला असेल तर कपड्यावर तासभर पसरा आणि फोडणीत त्याची पानं मोडेपर्यंत थांबा. ओल्या खोबऱ्याचे काप घालू नका. बेदाणेही नकोत, तेही ओलसरच. कांदा, टोमॅटो, लिंबू हे ताटलीत घेतल्यावर.

मग डबा. चिवडा कोमट असताना झाकण लावलं की आतल्या वाफेचं पाणी होतं. परातीत पसरून पूर्ण गार करा, पण पावसाळ्यात रात्रभर उघडाही ठेवू नका. हाताला गार लागला की लगेच भरा. एका मोठ्या डब्यापेक्षा तीन-चार लहान डबे बरे, कारण दर वेळी झाकण उघडलं की ओली हवा सगळ्या खाऊला लागते. चिवडा सादळलाच तर टाकू नका. कोरड्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं परतला की बराचसा पूर्ववत होतो. तेल मात्र पुन्हा घालू नका.

फुटाणे घरी भाजायचा हट्ट

काबुली चणे भिजवून, उकडून, ओव्हनमध्ये भाजण्याची कृती हल्ली सगळीकडे दिसते. ती फसते ती एकाच कारणाने: चण्याच्या पोटात पाणी राहतं. वरून कडक झालेला चणा तासाभरात चामड्यासारखा होतो. करायचंच असेल तर उकडलेले चणे कपड्यावर चांगले कोरडे करा, 180 अंशांवर 40-45 मिनिटं भाजा आणि ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. काळपट होईपर्यंत मात्र नको. स्टार्च असलेले पदार्थ 120 अंशांच्या वर तापले की त्यांत अॅक्रिलामाइड नावाचं नको असलेलं रसायन तयार होऊ लागतं आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त. 2002 मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं, आणि त्या यादीत चिप्स अगदी वर आहेत.

पण खरं सांगू का, भट्टीतले फुटाणे असताना हा खटाटोप कशासाठी? वाळूतल्या कडक आचेने चणा आतपर्यंत कोरडा होतो, तेलाचा थेंब लागत नाही, आणि 100 ग्रॅममध्ये सुमारे 22 ग्रॅम प्रथिनं मिळतात. बेळगावच्या रविवार पेठेसारख्या ठिकाणी किलोवर घ्या, सालासकट. चव लावायची तर मसाला कोरड्या फुटाण्यांना चिकटत नाही, तळाशी बसतो. चमचाभर पाण्यात हळद, मीठ, तिखट कालवून गरम फुटाण्यांवर शिंपडा आणि पाणी आटेपर्यंत परता. तेलाशिवाय मसाला धरतो.

कडक भाकरी जेवणापुरती ठेवणं

या भागातला चिप्सला सगळ्यात चांगला पर्याय मला ज्वारीची कडक भाकरी वाटते, आणि तीच आपण विसरतो. पातळ, पापडासारखी वाळलेली, बिनतेलाची, कोरडी ठेवली तर कित्येक दिवस टिकणारी. कानडी घरांत ती कायम असते. बचत गटांच्या बायका थप्पी बांधून विकतात. तुकडे मोडा, सोबत शेंगांची चटणी आणि घट्ट दही घ्या. आवाज चिप्सला मागे टाकेल असा येतो. तुकडे तळून किंवा फोडणीत परतून मात्र तिचा चिप्स करू नका. घरी केलेली भाकरी चिवट होत असेल तर ती जाड थापली गेली आहे. शक्य तितकी पातळ करा, भाजून झाल्यावर अगदी मंद तव्यावर कपड्याने दाबत दाबत वाळवा.

नाचणीचा पापड भाजून चांगला, पण पापडखार आणि मीठ यांमुळे सोडियम बरंच असतं. एक-दोन पुरेत.

तिखट-आंबट कमी, म्हणून मीठ जास्त

मीठ कमी केल्यावर खाऊ पुळपुळीत लागतो, कारण त्याच्या जागी काहीच घातलेलं नसतं. आमचूर, भाजलेलं जिरं, हिंग, मेतकूट हे सगळं कोरडं, त्यामुळे कुरकुरीला धक्का न लावता चव उचलतं. तिखटासाठी संकेश्वरी मिरची चिमूटभरच, रंगासाठी ब्याडगी. दोन्ही एकत्र असल्या की मीठ निम्म्यावर आणता येतं. एकदम निम्म्यावर नको, दर खेपेला थोडं थोडं कमी करा.

शेंगदाण्यांत निम्म्याच्या आसपास चरबी असते. ती चांगल्या प्रकारची असली तरी मूठभरच घ्या. पावसाळ्यात जुन्या साठ्यातले शेंगदाणे निवडताना काळे, आक्रसलेले, बुरशी धरलेले किंवा कडू लागणारे दाणे सरळ फेकून द्या. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकतं आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नका, ते घशात अडकतात. त्यांच्यासाठी ज्वारीच्या लाह्यांचा किंवा डाळ्याचा बारीक कूट करून दह्यात कालवून द्या.