लहान चणीच्या मिश्र जातीच्या कुत्र्याची निगा

मिश्र जातीचे पिल्लू घरी आले की ते किती मोठे होणार हा प्रश्न पहिल्याच दिवशी निघतो. पण आई-बाप दोघेही पाहिलेले असल्याशिवाय त्याचे नीट उत्तर देता येत नाही, कारण एकाच वेतातले एक पिल्लू आखूड पायांचे आणि दुसरे लांब केसांचे निघू शकते. कुत्रा मिश्र जातीचा आहे म्हणजे त्याला आजार होणार नाहीत, हा समजही खरा नाही. दातांची गर्दी, गुडघ्याची वाटी सरकणे आणि श्वासनलिका चपटी होणे ही दुखणी लहान चणीच्या कुत्र्यांत अधिक आढळतात, मग त्यांचा वंश कोणताही असो. म्हणून एखाद्या जातीची माहिती वाचून निगा ठरवण्यापेक्षा रोज पाच मिनिटे त्याच्या अंगावरून हात फिरवावा आणि कालच्यापेक्षा आज काय वेगळे लागते, हे ओळखायला शिकावे.

या हात लावण्याची सुरुवात उचलण्यापासून होते. लहान कुत्र्याला दिवसातून अनेकदा उचलले जाते, आणि बहुतेक वेळा त्याला न विचारता, वरून हात घालून. त्याच्या उंचीवरून पाहिले तर हे झडप घातल्यासारखेच दिसते. आपण आधी त्याच्या शेजारी खाली बसावे, ठरलेला एकच शब्द उच्चारावा, एक तळहात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली देऊन पाठ आडवी राहील असे उचलावे, आणि खाली ठेवताना चारही पाय जमिनीला टेकल्यावरच हात सोडावा. पुढच्या पायांना धरून कधीही उचलू नये. मान वळवणे, ओठ चाटणे, झोप आलेली नसताना जांभई देणे, अंग ताठ करणे या खुणांनी तो नकार देत असतो. मोठा कुत्रा गुरगुरला की माणसे दोन पावले मागे सरतात, आणि लहान कुत्रा गुरगुरला की हसतात. हे मला फार अन्यायाचे वाटते, कारण ज्याचे गुरगुरणे कोणी ऐकत नाही, त्याच्यापुढे चावण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही.

पिल्लू ६ ते ८ आठवड्यांचे झाले की लसीकरण सुरू करावे आणि ते किमान १६ आठवड्यांचे होईपर्यंत पशुवैद्याने दिलेल्या अंतराने पुढचे डोस पूर्ण करावेत. रेबीजची लस आणि जंतांचे औषधही त्यांच्या सल्ल्याने ठरवावे. याच काळात वेगवेगळी माणसे, आवाज आणि जमिनी यांची ओळख व्हायला हवी, त्यामुळे लसी पूर्ण होईपर्यंत त्याला कडेवर घेऊन बाहेरचे जग दाखवावे. अगदी लहान चणीच्या पिल्लाच्या रक्तातली साखर उपाशीपोटी झपाट्याने उतरू शकते, म्हणून पहिले काही महिने दिवसातून चार वेळा थोडे थोडे खायला द्यावे. ते अचानक मलूल झाले, झोकांड्या खाऊ लागले किंवा थरथरू लागले, तर हिरड्यांना थोडे साखरेचे पाणी चोळून लगेच दवाखाना गाठावा. शी-शूच्या बाबतीत धीर धरावा. मूत्राशय लहान असल्यामुळे उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर प्रत्येक वेळी त्याला ठरलेल्या जागी न्यावे, आणि चूक झाल्यास न रागावता जागा पुसून घ्यावी.

खाण्याचे माप मात्र कडक असावे. ५ किलोच्या कुत्र्याचे वजन ५०० ग्रॅमने वाढले तर ती दहा टक्के वाढ झाली, पण नजरेला ती जाणवतही नाही. बरगड्यांवरून हलका हात फिरवावा. त्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत आणि वरून पाहताना कंबर दिसली पाहिजे. बक्षिसाचा खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते गोडी आणणारे द्रव्य) घातलेले गोड पदार्थ त्याच्या आवाक्यात ठेवूच नयेत. मोठ्या कुत्र्याला ज्याने फारसे काही होत नाही, तेवढाच तुकडा लहान कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो.

माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष दातांकडे होते. लहान जबड्यातही ४२ कायमचे दात बसवायचे असतात. सहा-सात महिन्यांचे झाल्यावर पिल्लाचा ओठ हळूच वर करून पाहावे. दुधाचा सुळा न पडता नव्या सुळ्याला चिकटून उभा असेल, तर त्या फटीत अन्न अडकते आणि तो दात पशुवैद्याकडून काढून घ्यावा लागतो. घासण्याची सवय बोटापासून लावावी. पहिले काही दिवस ओल्या मऊ कापडाचे बोट वरच्या दातांच्या बाहेरच्या बाजूने फक्त फिरवावे, मग कुत्र्यांसाठीची पेस्ट चाटू द्यावी, आणि ती आवडू लागल्यावर मऊ ब्रश आणावा. माणसांची पेस्ट कधीही वापरू नये. दाढांच्या मुळाशी पिवळे-तपकिरी किटण साचले, हिरडीची कड लाल झाली किंवा तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, तर घरी खरवडत न बसता तपासणी करून घ्यावी.

फिरायला नेताना गळ्यातल्या पट्ट्याला दोरी न लावता छातीवर बसणारा हार्नेस वापरावा, कारण गळ्यावरचा ताण नाजूक श्वासनलिकेला सोसत नाही. हंसाच्या कर्कश ओरडण्यासारखा कोरडा खोकला ऐकू आला तर तो अंगावर काढू नये. तसेच धावताना मागचा एक पाय दोन-चार पावले वर धरून तो लंगडी घालतो आणि मग काही झालेच नाही असा पळू लागतो, याला गंमत समजू नये. गुडघ्याची वाटी सरकण्याची ती नेहमीची खूण आहे, आणि मोबाइलवर काढलेला त्या चालीचा व्हिडिओ तपासणीत फार उपयोगी पडतो.

केस लांब असतील तर कानामागे आणि काखेत गुंता आधी होतो, म्हणून विंचरण्याची सुरुवात तिथून करावी. नखे फरशीवर वाजू लागली की थोडी थोडी कापावीत.

लहान कुत्री अनेकदा बारा-चौदा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतात, आणि उतारवयात त्यांच्या हृदयाची झडप सैल पडणे बरेच आढळते. आठव्या वर्षापासून तो गाढ झोपेत असताना आठवड्यातून एकदा मिनिटभर श्वास मोजून वहीत लिहावेत. छातीचे वर जाणे आणि खाली येणे मिळून एक श्वास धरावा. आकडा वारंवार ३० च्या वर जाऊ लागला, तर ती वही घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे.