आईबाबांना भारीतल्या हॉटेलात जेवायला न्यायचंय?

टेबल दोन दिवस आधी धरा, साडेसातचं. नऊचं घेतलंत तर बाबांचा सगळा जीव गोळीच्या वेळेत अडकतो. तारीख ठरवण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. संकष्टीला बुकिंग करून बसलो होतो एकदा. आम्ही कबाब खातोय आणि आई चंद्रोदयापर्यंत लिंबूपाण्यावर.

खरी गोची मेन्यूकार्डाची.

“ज्याला जे हवं ते मागवू दे” असं सांगणाऱ्याने स्वतःच्या आईला अशा ठिकाणी नेलेलंच नसतं. बाबांच्या पंचाहत्तरीला आम्हा सहा जणांच्या हातात सहा कार्डं आली. आईने चष्मा चढवला आणि थेट उजवीकडचा रकाना वाचायला घेतला. काळी डाळ, ७४५ रुपये. कार्ड मिटलं. “मला मेली भूकच नाही आज. सूप घेईन.” तिचं बघून मावशीनेही सूपच सांगितलं. वेटर आपला ताटकळत उभा. घरी आल्यावर दोघींनी दहीभात कालवून खाल्ला.

तेव्हापासून मी मेन्यू आदल्या रात्रीच फोनवर वाचतो आणि ऑर्डर चिठ्ठीवर लिहून नेतो. पोचल्या पोचल्या कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या मुख्याला, बाजूला घ्यायचं: कार्ड एकच, आणि ते माझ्या हातात. काही ठिकाणी दर न छापलेलं कार्डही असतं, बिनधास्त मागा. सहा जणांना तीन स्टार्टर, दोन भाज्या, एक डाळ आणि एक बिर्याणी पुरते. रोट्या दोन-दोन करून मागवा, गार झाली की चामड होते. आणि आईला “काय घेणार?” हे विचारायचंच नाही, त्याचं उत्तर ठरलेलं आहे. “पनीर की मशरूम?” असं विचारायचं. मग ती मशरूमला नाक मुरडते आणि पनीर मनापासून खाते.

पाणी “साधं” हे बसतानाच सांगा. बाटलीचं सील फुटलं की बोलण्यात अर्थ नाही.

बिल टेबलावर येऊ द्यायचं नाही, नाहीतर काका पाकीट काढतात आणि ओढाताण सुरू. हात धुवायच्या निमित्ताने उठा, काउंटरवर वाचा, तिथेच द्या. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला लावा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तो आपोआप लावायला जुलै २०२२ मध्येच मनाई केली आहे आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. जीएसटीवर मात्र हुज्जत घालू नका. एरवी तो ५ टक्के असतो. दिवसाला ७५०० रुपयांच्या वर खोलीभाडं असलेल्या हॉटेलात १८. टेबल धरतानाच विचारलंत तर नंतर धक्का बसत नाही. टिप रोख, वेटरच्या हातात.

परतताना गाडीत आई विचारणारच, “किती झाले रे?” आकडा सांगू नका. मी एकदा सांगितला. अजून घरी डाळीला फोडणी देताना मला तो ऐकवला जातो.