ऊन लागलं म्हणून सोडू नका: मुलांमधल्या एमएसच्या वेगळ्या खुणा कशा ओळखाव्यात

मी अमळनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत चौथीला शिकवते. माझ्या मुलीला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असल्याचं ती १३ वर्षांची असताना कळलं. पहिली खूण दिसल्यापासून ११ महिने गेले होते. आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. पोराला अंधारी आली, पाय गळाले की सगळ्यांचं एकच उत्तर, ऊन लागलं. आमच्या गल्लीत तर ‘पोरले नजर लागनी’ म्हणून मीठ-मोहऱ्याही ओवाळून झाल्या.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण कुरतडते. विहिरीवरच्या मोटारीची वायर सोलली गेली की करंट नीट पोचत नाही, तसंच. एमएसच्या १०० रुग्णांत साधारण ३ ते ५ जणांना तो १८ वर्षांच्या आत सुरू होतो. इतका विरळ असल्यामुळे डॉक्टरांच्याही मनात तो लगेच येत नाही.

आमच्याकडे सुरुवात अक्षरापासून झाली. सातवीची ऑगस्टमधली मराठीची वही अजून माझ्याजवळ आहे. अक्षर टपोरं, रेघेवर बसलेलं. त्याच वहीत डिसेंबरच्या पानांवर शब्द रेघेखाली घसरलेत, वेलांट्या सुटल्यात, ‘क्ष’ तीन-तीनदा गिरवलाय. शाळेतून आली की दप्तर खांद्यावर तसंच ठेवून ओट्यावर आडवी व्हायची. मी शिक्षिका असून तिला आळशी म्हणाले, ते आजही मनाला लागतं. चांगलं शिकणारं मूल काही महिन्यांत मागे पडलं, विसरायला लागलं, सारखं थकायला लागलं, तर रागावण्याआधी जुन्या वह्या तारखेने लावून बघा. त्या रद्दीत घालू नका. मी त्याच नेऊन न्यूरोलॉजिस्टपुढे ठेवल्या.

मग उजवा हात. मनगट आत वळायचं, बोटं एकमेकांवर चढायची, दुखून तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. अर्ध्या मिनिटात सगळं सुटायचं आणि दिवसातून १५-२० वेळा व्हायचं. ती पूर्ण शुद्धीवर, माझ्याशी बोलत असायची. एका दवाखान्यात फिट म्हणून औषध मिळालं, दुसऱ्या ठिकाणी ‘लक्ष वेधून घेतेय’ असं ऐकून घरी आलो. एमएसमध्ये असे छोटे, दुखरे आचके येऊ शकतात. तेव्हा घाबरून नुसतं धरून बसू नका, मोबाइलवर शूटिंग करा. चेहरा आणि हात दोन्ही दिसू द्या, मुलाला नाव विचारा, किती सेकंद चाललं ते बघा. आमच्या ४० सेकंदांच्या व्हिडिओने जे झालं, ते माझ्या तासभर सांगण्याने झालं नव्हतं.

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, झोक्यावरून उतरली आणि म्हणाली, “आई, निंब दोन दिसताहेत.” असं म्हटलं तर एक-एक डोळा झाकून विचारा. कोणताही एक डोळा झाकल्यावर दोनाचं एक होत असेल, तर दोष डोळे फिरवणाऱ्या नसांचा किंवा मेंदूतला असू शकतो. नुसत्या चष्म्यावर थांबू नका. एका डोळ्याने लाल ओढणी फिकी दिसणं, डोळा फिरवताना दुखणं, मान खाली वाकवल्यावर पाठीतून करंट गेल्यासारखं होणं, हेही मुद्दाम विचारा. मुलं आपणहून सांगत नाहीत, त्यांना वाटतं सगळ्यांनाच असं होतं.

आता उन्हाचं. हे आपल्या भागात नीट समजून घ्यायलाच हवं. उष्णतेने सोललेल्या वायरीतून करंट आणखी मंदावतो. म्हणून उन्हात, तापात, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर जुनं लक्षण परत दिसतं आणि अंग थंड झालं की काही वेळात जातं. तो नवा झटका नव्हे. नवा झटका म्हणजे ताप नसताना २४ तासांहून जास्त टिकलेलं लक्षण. मी कॅलेंडरवर लिहिते: काय झालं, किती वाजता, ताप किती, कूलरपुढे बसल्यावर गेलं का. मात्र पाय लुळे पडले, लघवी अडकली, मूल गुंगीत गेलं किंवा फिट आली, तर कॅलेंडर बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.

लहान, विशेषतः १० वर्षांच्या आतल्या मुलांत चित्र आणखी फसवं असतं. गुंगी, उलट्या, फिट्स, त्यामुळे मेंदूज्वर वाटतो. तापानंतर येणारा, मेंदूला सूज आणणारा एडीईएम हा आजारही असाच दिसतो आणि त्यातल्या बहुतेक मुलांना तो परत होत नाही. त्यामुळे एका झटक्यावर एमएसचा शिक्का मारून घेऊ नका, आणि पुढचे एमआरआय टाळूही नका.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा: मेंदूबरोबर मणक्याचाही एमआरआय लागेल का? एमओजी आणि एक्यूपी-४ अँटिबॉडी (शरीराच्याच भागांवर उलटणारे, रक्तात सापडणारे घटक) तपासायच्या का? या अँटिबॉडींमुळे होणारे आजार दिसायला एमएससारखेच, पण वेगळे आहेत, त्यांची औषधंही वेगळी. एमएसची काही औषधं त्यांतल्या एक्यूपी-४ च्या आजारात उलटतात. बी-१२ ची कमतरता आणि टीबी यांचंही विचारा, तीही कधी अशीच दिसतात. तपासणीसाठी पाठीतलं पाणी काढायला आम्ही आठ दिवस नकार दिला, पोर लुळी पडेल या भीतीने. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली घालतात, हे कुणी आधी सांगितलं असतं तर ते आठ दिवस वाया गेले नसते.

स्टेरॉइडच्या सलाइनने ती आठवड्यात सायकल चालवायला लागली. इथेच आईबाप चुकतात. मुलं पटकन सावरतात, पण त्यांना झटके मोठ्यांपेक्षा दोन-तीन पट जास्त वेळा येतात. स्टेरॉइड चालू झटका आवरतं, पुढचे थोपवायचं औषध वेगळं आणि ते बरं वाटत असतानाच चालू ठेवायचं असतं.

शाळेत मुख्याध्यापकांना लेखी द्या: पंख्याखालचा बाक, दुपारच्या कवायतीतून सूट, पाणी प्यायला आणि लघवीला न विचारता जायची मुभा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव आहे, तेव्हा जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्राची चौकशी दहावीच्या फॉर्मच्या खूप आधी करा. माझ्या मुलीच्या दप्तरात रोज एक ओला पंचा डब्यात घालून जातो. तो कशाला आहे, हे तिने वर्गातल्या मैत्रिणींना स्वतःच सांगितलंय.