कसावाचं बेणं निवडायची फेरी तीन-चार महिन्यांनी घ्या

आपल्या उपवासाचा बराचसा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम-नामक्कल पट्ट्यातून येतो आणि तो कसावाच्या कंदापासून बनतो. या पिकाचं बियाणं पाकिटात मिळत नाही. बेणं म्हणजे गेल्या हंगामातल्या झाडाचं खोड. लहान शेतकरी ते स्वतःच्या किंवा शेजारच्या रानातून उचलतो आणि त्याबरोबर पानांवर डाग पाडणाऱ्या मोझॅक रोगाचा विषाणूही नव्या रानात येतो. त्यामुळे कृषी विस्तार कार्यकर्त्याला वर्षात दोनच फेऱ्या जमणार असतील, तर एक बेण्यासाठीच राखावी.

ही फेरी लागवडीनंतर तीन-चार महिन्यांनी घ्या. काढणीच्या सुमाराला बरीच पानं गळून गेलेली असतात आणि नुसत्या खोडावरून रोगी झाड ओळखता येत नाही. सूर्य पाठीशी ठेवून ओळीतून चाला आणि शेंड्याकडची कोवळी पानं बघा. मोझॅकमध्ये फिकट पिवळे डाग वेडेवाकडे पसरतात, पान मुडपतं, एक बाजू आखूड राहते. जस्ताची कमतरता असेल तर शिरांमधला फिकटपणा दोन्ही बाजूंना सारखा दिसतो. ही गफलत नेहमी होते.

निरोगी झाडाच्या बुडाजवळ रंगीत चिंधी बांधा. शेंड्याला बांधली तर छाटणीत जाते. पहिली दहा झाडं कार्यकर्त्याने दाखवावीत, पुढची शेतकऱ्याने स्वतः निवडावीत. उंच, भरदार झाड दिसलं की हात तिकडे जातो, पण आधी पान बघायचं. ९० × ९० सेंमी अंतराने एकराला सुमारे ५,००० टिपऱ्या, म्हणजे लावायचे खोडाचे तुकडे, लागतात. एका झाडाच्या साधारण दहा होतात, म्हणजे ५०० झाडं. खूण मात्र ६०० झाडांना करा.

काढणीनंतर खोडं सावलीत उभी ठेवा. शेंड्याकडचा कोवळा भाग टाका, बुडाचा जाड तुकडाही टाका. मधल्या भागाच्या १५ ते २० सेंमी लांबीच्या टिपऱ्या धारदार कोयत्याने सरळ कापा. सालीला नखाने ओरखडा काढल्यावर लगेच चीक आला तर बेणं जिवंत आहे. डोळे वर ठेवून ५ सेंमी खोल उभी लावा. उलटी लागलेली टिपरी हे कमी उगवणीचं एक नेहमीचं कारण. नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, पंधरा दिवसांत भरा. उशिरा लावलेलं रोप शेजारच्या झाडांच्या सावलीत खुरटतं.

निरोगी झाडं मोजकीच सापडली, तर तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेची लघुटिपरी पद्धत वापरा. दोन डोळ्यांचे तुकडे शेडनेटखाली ५ × ५ सेंमीवर आडवे लावा, रोज पाणी द्या आणि डाग दिसलेलं रोप उपटून टाका. तीन-चार आठवड्यांनी रोपं ४५ × ४५ सेंमीवर बेणेमळ्यात हलवा. एका गुंठ्यात सुमारे ५०० बसतात. नेहमीच्या दहापट वाढीऐवजी साठपट मिळते. मळा जुन्या कसावापासून लांब धरा, नाहीतर पांढरी माशी विषाणू परत आणते.

कसावावरचा पिठ्या ढेकूणही बेण्यातून फिरतो. तो २०२० मध्ये केरळमध्ये आढळला, पुढे तमिळनाडूत पसरला. त्याच्यावर आफ्रिकेतल्या बेनिनमधून आणलेला परजीवी कीटक, एक प्रकारची गांधीलमाशी, २०२२ मध्ये सोडण्यात आला. शेंडा गुच्छासारखा आवळलेला दिसला की तो खुडून नष्ट करा आणि त्या रानातलं खोड शेजाऱ्याला देऊ नका. हा परजीवी कीटक सोडलेल्या भागात सरसकट फवारणी केली, तर तोच आधी मरतो.