लहान मुलासाठी गेम निवडताना: इन्स्टॉल करण्याआधीची तयारी

चार ते सात वर्षांच्या मुलासाठी गेम शोधायचा म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘यातून काही शिकायला मिळेल का?’ माझ्या लेखी हा प्रश्न बराच नंतरचा. आधी दोन गोष्टी तपासायच्या: हा गेम पैसे कशातून कमावतो, आणि तो थांबतो कुठे. एवढ्या दोन गाळण्या लावल्या तरी प्ले स्टोअरवर ‘किड्स गेम्स’ शोधल्यावर समोर येणारं बहुतेक सगळं बाद होतं आणि निवड सोपी होते.

पण फोन हातात घेण्याआधी मुलाकडे नीट बघा. त्याला वाचता येतं का, आणि कोणत्या भाषेत? मराठीत धड अक्षरओळख चालू असलेल्या मुलापुढे इंग्रजी सूचनांनी भरलेला गेम ठेवला, तर ‘बाबा, इथे काय लिहिलंय?’ हे दर मिनिटाला ऐकायची तयारी ठेवा. मराठीत चांगले गेम फार थोडे, त्यामुळे या वयाला चित्रांवर चालणारा, शब्दांची गरज नसलेला गेम उत्तम. दुसरं, हरल्यावर ते काय करतं? सापशिडीत अठ्ठ्याण्णववर साप गिळला की सोंगट्या भिरकावणारं मूल असेल, तर ज्यात हरणंच नाही असा गेम निवडा. तिसरं, त्याला कशाची भीती वाटते? अंधार, कुणी पाठलाग करणं, अचानक होणारा मोठा आवाज यांतलं काही गेममध्ये असलं तर रात्री झोपताना त्याचा हिशोब तुम्हालाच चुकवावा लागतो.

मग यंत्र. ज्या फोनवर तुमचं यूपीआय, बँक आणि ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे तो मुलाला देऊ नका. घरात पडून असलेला जुना फोन किंवा टॅब, सिम काढलेला, पुरेसा होतो. टॅब असेल तर जाड कडांचं कव्हर घ्या, आणि त्याचं कारण नुसतं पडण्या-फुटण्याचं नाही. लहान मूल टॅब दोन्ही हातांनी धरतं तेव्हा डाव्या हाताचा अंगठा हमखास स्क्रीनच्या कडेवर टेकलेला असतो. गेमला वाटतं तिथे बोट आहे. मग उजव्या हाताने कितीही टिचक्या मारल्या तरी काही गेम दादच देत नाहीत, आणि मूल ‘हे चालतच नाही’ म्हणून रडकुंडीला येतं. कव्हर नसेल तर टॅब स्टँडवर किंवा सरळ टेबलावर ठेवा.

आता स्टोअरचं पान. ३+ हा आकडा बघून लोक निर्धास्त होतात, तो कशाचा आहे ते लक्षात घ्या. भारतात प्ले स्टोअरवर ३+, ७+, १२+, १६+, १८+ अशा पायऱ्या दिसतात. गेम बनवणारे एक प्रश्नावली भरतात, हिंसा आहे का, शिव्या आहेत का, जुगार आहे का, आणि त्या उत्तरांवरून आकडा ठरतो. गेम किती अवघड आहे हे त्यात कुठेच मोजलेलं नसतं. सुडोकूलाही ३+ मिळू शकतं, म्हणून काही तीन वर्षांचं मूल सुडोकू सोडवणार नाही. हा आकडा चाळणीसारखा वापरा: मोठा असेल तर नाही म्हणायला उपयोगी, छोटा असेल तर काहीच सिद्ध होत नाही. त्यापेक्षा ‘टीचर ॲप्रूव्ह्ड’ हा शिक्का थोडा कामाचा आहे. २०२० मध्ये गूगलने तो सुरू केला, आणि त्यात शिक्षक व बालविकासातले जाणकार ॲप प्रत्यक्ष बघून मत देतात. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सच्या डबीवर युरोपचा वयाचा शिक्का पेगी ३ किंवा ७, नाहीतर अमेरिकेचा ‘ई’ (एव्हरीवन, म्हणजे सर्वांसाठी) शोधा.

‘एज्युकेशनल’ हा शब्द मात्र खुशाल दुर्लक्षित करा. तो कुणीही लिहू शकतो आणि सगळेच लिहितात. एबीसीडीचे फुगे फोडायला लावणारा गेम शैक्षणिक, आणि ठोकळ्यांचा पूल बांधून तो का कोसळला याचा विचार करायला लावणारा नुसता टाइमपास, असं वर्गीकरण ज्यांनी केलं त्यांना दंडवत.

पैशांकडे येऊ. इथे जरा वेळ घालवा. गेमच्या नावाखालीच बारीक अक्षरांत ‘कंटेन्स ॲड्स’ (जाहिराती आहेत) आणि ‘इन-ॲप पर्चेसेस’ (गेमच्या आत खरेदी आहे) अशा ओळी असतात. दोन्ही नसतील तर गेम एक तर विकत घ्यायचा असतो, नाहीतर एखाद्या संस्थेने खरोखर फुकट दिलेला असतो. दोन्ही असतील तर ‘अबाउट धिस ॲप’मध्ये खाली जाऊन आतल्या वस्तूंच्या किमती कुठून कुठपर्यंत आहेत ते वाचा. बाहुलीला टोप्या घालायच्या गेममधला वरचा आकडा हजारांत दिसला, तर तो गेम कुणाच्या खिशाकडे बघून बनवलाय हे कळतंच.

जाहिरातींचं म्हणाल तर, मुलांसाठी म्हणून नोंदवलेल्या ॲपमध्ये कोणत्या जाहिराती दाखवायच्या यावर गूगलची बंधनं आहेत. पण कार पार्किंग, रंगीत गोळ्या जुळवणं असले गेम ‘सर्वांसाठी’ म्हणून येतात, आणि तिथे मुलापुढे काय येईल सांगता येत नाही. शिवाय जाहिरातीची रचना बघा. आधी सेकंद मोजले जातात, मग कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी फुली उगवते, ती दाबली की दुसरं पान, त्यावर दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी फुली, आणि मधे भलंमोठं हिरवं बटण. पाच वर्षांच्या मुलाचं बोट हिरव्या बटणावरच जाणार. ‘व्हिडिओ बघा आणि नाणी मिळवा’ हा प्रकार तर मुलाने जाहिरात स्वतःहून मागावी म्हणूनच काढलेला. हिरे-नाण्यांचंही तसंच. रुपयांचे हिरे, हिऱ्यांची पेटी, पेटीतून काय निघेल ते नशीब. दहाची नोट आणि शंभरची नोट यांतला फरक ज्याला अजून कळत नाही, त्याला यातलं काय कळणार?

हे घाबरवायला सांगत नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने २०१४ मध्ये मुलांनी परवानगीशिवाय केलेल्या अशाच खरेदीवरून ॲपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर ग्राहकांना परत करायला लावले. तेव्हा पालकांनी एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं तो पुन्हा विचारला जात नसे, आणि तेवढ्या वेळात मुलं मनसोक्त खरेदी करत. एका आईची तक्रार होती की मुलीने एकाच गेममध्ये २,६०० डॉलर उडवले. म्हणून माझा कल सरळ आहे: एकदाच पैसे देऊन घ्यायचा गेम बघा. दोन-तीनशे रुपये द्यायला हात आखडतो खरा, पण पिझ्झा मागवताना तो आखडत नाही. महिन्याच्या वर्गणीचे मार्गही आहेत. ॲपल आर्केडच्या गेममध्ये आणि गूगल प्ले पासच्या बहुतेक गेममध्ये जाहिराती आणि आतली खरेदी नसते. चार-पाच गेम आलटूनपालटून लागत असतील तरच ते परवडतं.

इथपर्यंत दोन-तीन नावं उरली की ती स्वतः खेळून बघा, मूल झोपल्यावर, निदान वीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं सगळेच गेम गोड असतात, खरा चेहरा त्यानंतर दिसतो. मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून पुन्हा उघडा. काही गेम इंटरनेटशिवाय उघडायलाच तयार नसतात, त्यांना तिथेच रजा द्या. जे उघडतात आणि नीट चालतात ते प्रवासातही कामाला येतील.

खेळता खेळता तो थांबतो कुठे ते बघा. पातळी संपली, चित्र पूर्ण झालं, घर बांधून झालं, अशी नैसर्गिक जागा असली की ‘हे झालं की बंद’ असं सांगता येतं आणि मुलालाही ते पटतं. सबवे सर्फर्ससारख्या न संपणाऱ्या धावण्याच्या गेममध्ये थांबायची जागा म्हणजे आपटणं, आणि आपटलेलं मूल फोन देईल का? ‘आणखी एकदा’ तिथे रचनेतच आहे. रोज उघडलं तरच बक्षीस, चार तासांनी पीक तयार, आज आला नाहीस तर रोप सुकेल, असलं काही दिसलं की मी तरी तो गेम काढून टाकतो. लहान मुलाला रोजची हजेरी लावणारी शाळा एक पुरे.

नावंच हवी असतील तर: खान अकॅडमी किड्स दोन ते आठ वर्षांसाठी आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत. अडचण एवढीच की आवाज आणि सूचना इंग्रजीत. स्क्रॅचज्युनियर पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी, तोही फुकट. चित्रांचे ठोकळे जोडून मांजराला चालवायचं, उड्या मारायला लावायच्या. त्यात वाचावं लागत नाही आणि टॅबवर तो छान चालतो. माझी पहिली पसंती तोच, कारण मूल त्यात स्वतः काहीतरी बनवतं आणि मग ते दाखवायला आजीकडे पळतं. टोका बोका या कंपनीच्या गेममध्ये गुण नाहीत, घड्याळ नाही, हरणं नाही, नुसती भातुकली. पण ‘टोका बोका वर्ल्ड’ फुकट सुरू होतो आणि पुढची घरं-दुकानं विकत मिळतात, तेव्हा आधीच ठरवून ठेवा की घेणार किती. माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळ्यांचं जग बांधायचा गेम, सहा-सात वर्षांच्या पुढे, आणि क्रिएटिव्ह मोड (नुसतं बांधकाम), पीसफुल पातळी (हल्ला करणारे राक्षस नाहीत), मल्टिप्लेअर (इतरांबरोबर ऑनलाइन खेळणं) बंद, या तीन अटींवर. प्लेस्टेशन ५ घरी असेल तर ॲस्ट्रोज प्लेरूम त्याच्याबरोबर येतोच, मात्र कंट्रोलर लहान हातांना मोठा पडतो. एक्सबॉक्समध्ये दोन कंट्रोलर जोडून एकाच खेळाडूचं काम दोघांत वाटून घेता येतं, तेव्हा अवघड उडी तुम्ही मारा. लुडो किंग आपल्या नवी मुंबईतल्या कंपनीचा, २०१६ चा, लॉकडाउनमध्ये घरोघरी पोचलेला. एकाच फोनवर आळीपाळीने खेळता येतो, आजोबांना शिकवावा लागत नाही, फक्त जाहिराती सहन कराव्या लागतात. (लुडोचा कागदी पट त्याहून स्वस्त, आणि त्याचं चार्जिंगही संपत नाही.)

काय टाळायचं तेही ठरवून ठेवा, कारण मागणी शेजारच्या दादाकडून येते. बीजीएमआय, फ्री फायर हे गोळीबाराचे गेम या वयाचे नाहीतच, त्यावर चर्चा नको. रोब्लॉक्सची अडचण वेगळी: तो एक गेम नसून लोकांनी बनवलेल्या असंख्य गेमचा बाजार आहे, त्यामुळे तुम्ही एक खेळून बघितला म्हणजे बाकीचे कळले असं होत नाही. अनोळखी माणसाशी बोलण्याची किंवा लिहिण्याची सोय असलेला कोणताही गेम या वयाला बाद. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदीच आली आहे, तरी जुन्या फोनवर तसलं एखादं ॲप राहिलं असेल तर आधी काढा.

मग कुलपं. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीसाठी ‘प्रत्येक वेळी’ पडताळणी निवडा, तीस मिनिटांची सवलत नको. आयफोनवर स्क्रीन टाइममध्ये जाऊन आतली खरेदी बंदच करता येते. फिंगरप्रिंटमध्ये कौतुकाने मुलाचंही बोट नोंदवलं असेल तर ते काढा! फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपमध्ये मुलाचं वेगळं खातं उघडा आणि जन्मतारीख खरी टाका. सोपं पडतं म्हणून स्वतःची टाकली, तर गूगलच्या लेखी समोर चाळिशीचा माणूस बसलेला असतो आणि जाहिराती त्याच्याच येतात. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं म्हटलंय, तेव्हा परवानग्या डोळे झाकून देऊ नका. रंग भरायच्या गेमला तुमचं लोकेशन कशाला हवं? मूल गेममधून बाहेर पडून भलतीकडे जाऊ नये म्हणून अँड्रॉइडवर ॲप पिनिंग, आयफोनवर गाइडेड ॲक्सेस चालू करा. नोटिफिकेशन बंद.

आवाज अर्ध्यावर, खोलीत दिवा लागलेला. झगमगत्या प्रकाशाने काही मुलांना झटके येऊ शकतात. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये एका कार्टूनच्या लुकलुकत्या दृश्यामुळे शेकडो मुलं दवाखान्यात पोचली होती. घरात कुणाला फिट्स येत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. वेळेचं प्रमाण ठरलेलं आहे: दोन ते पाच वर्षांच्या मुलांना सगळ्या स्क्रीन मिळून दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको, असं भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना सांगते. म्हणजे टीव्हीवरचं कार्टून त्यातच धरायचं. पहिल्या काही वेळा शेजारी बसा, मराठीत बोलत राहा, ‘तो लाल ठोकळा खाली ठेवलास तर?’ जेवताना गेम नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, आणि आजी-आजोबांनाही सांगा, कारण नियम मोडतो तो तिथेच.

पंधरवड्याने पुन्हा एकदा सगळं बघा. अपडेटबरोबर नवं दुकान उघडलंय का, मूल खेळतंय की नुसतं बक्षिसं गोळा करतंय? गेम नकोसा झाला तर काढा, पण ॲप काढलं म्हणजे वर्गणी थांबली असं नसतं. सात दिवस फुकट म्हणून सुरू केलेली वर्गणी आठव्या दिवसापासून पैसे कापत राहते. प्ले स्टोअरमध्ये पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये जाऊन ती रद्द करा, आणि मग यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत ते नाव अजून दिसतंय का तेही बघून घ्या.