आर्वो पॅर्ट यांचे संगीत कसे ऐकावे: रागसंगीताच्या श्रोत्यासाठी

दादर-पार्ल्याच्या मैफलींत ज्याचे कान तयार झाले आहेत, त्याला पाश्चात्त्य संगीत बहुधा दोन कारणांनी परके वाटते: एकाच वेळी फार गोष्टी चालू असतात आणि एकही स्वर मनासारखा ठरत नाही. आर्वो पॅर्ट या एस्टोनियन संगीतकाराच्या उत्तरकालीन रचनांबाबत ही तक्रार करता येत नाही. तेथे गोष्टी मोजक्या असतात आणि स्वर भरपूर थांबतात. अडचण येते ती उलट बाजूने. इतके सोपे वाटणारे संगीत आपण नुसते लावून देतो आणि स्वतःच्या कामाला लागतो. 'मन शांत करणारे संगीत' असा शिक्का त्यावर बसला, त्याने माझ्या मते त्याचे नुकसानच केले आहे. या संगीताच्या पोटात एक कडक नियम आहे, आणि तो कानांना कळू लागेपर्यंत आपण ते ऐकले असे म्हणता येत नाही.

आरंभ 'फ्युर अलिना' या १९७६ सालच्या, अवघ्या दोन पानांच्या पियानोरचनेपासून करावा. तिला ताल नाही. सुरुवातीला खर्जातला षड्ज लागतो आणि तो घुमत असतानाच वर दोन्ही हातांचे स्वर जोडीने येऊ लागतात. वाक्ये एकेका स्वराने लांबत जातात आणि पुढे तशीच आखूड होत येतात. स्वरसप्तक बी मायनरचे आहे, म्हणजे पांढरी सात हा षड्ज धरला तर आपल्या आसावरी थाटाचेच स्वर. मात्र त्यात आसावरी राग शोधू नये, निराशा होईल. उजवा हात या सातही स्वरांत फिरतो. डावा हात केवळ सा, कोमल ग आणि प या तिघांतच राहतो, आणि उजव्या हाताने घेतलेल्या स्वराच्या खाली या तिघांपैकी जो सर्वांत जवळचा असेल, तोच वाजवतो.

हे वाचून कळत नाही, गाऊन कळते. घरात पेटी असेल तर सोयीची पट्टी घ्यावी आणि आसावरी थाटाचा सरळ आरोह अगदी सावकाश गावा. भात्यामुळे एकच हात मोकळा राहतो, तेवढा पुरतो. गळ्यातून सा, रे, ग, म, प, ध, नि, सा जात असताना पेटीवर अनुक्रमे मंद्र प, सा, सा, ग, ग, प, प, प हे स्वर धरावेत. गळ्यात कोमल धैवत आणि पेटीवर पंचम अशी वेळ येते तेव्हा दोन स्वर एकमेकांना घासतात. लगेच पुढच्या निषादावर ती घासणी सुटते. असे ताण आणि असे सुटणे यांवरच ही सगळी इमारत उभी आहे. सरावाच्या वेळी तानपुऱ्याचे ॲप बंद ठेवावे, कारण येथे आधार एका षड्जाचा नसून तीन स्वरांचा आहे आणि तो जागा बदलतो. दोन-चार संध्याकाळी हे केल्यावर 'फ्युर अलिना' पुन्हा लावावी. शेवटाकडे एका ठिकाणी डावा हात नियम मोडून शुद्ध रिषभ घेतो. एकदाच. तो आपल्या कानांना आपोआप टोचला, तर सराव पुरेसा झाला असे समजावे.

या पद्धतीला टिंटिनाब्युली म्हणतात. पॅर्ट तिच्यापर्यंत कसे आले, हे थोडक्यात तरी माहीत असावे, नाहीतर हा संयम केवळ स्वभावाचा भाग वाटतो. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १९३५ रोजी पाइदे येथे झाला आणि बालपण राक्वेरे या गावात गेले. तेथील चौकातल्या ध्वनिक्षेपकावरून सिंफनी वाजत, तेव्हा ते सायकलवरून चौकाला फेऱ्या मारत त्या ऐकत असत. ताल्लिनमध्ये हायनो एलर यांच्याकडे शिक्षण आणि एस्टोनियन रेडिओवर ध्वनिमुद्रणाची नोकरी अशी त्यांची घडण झाली. १९६० साली त्यांनी बारा स्वरांच्या युरोपीय तंत्रात 'नेक्रोलोग' लिहिले आणि त्या वेळी एस्टोनिया ज्यांच्या ताब्यात होता त्या सोव्हिएत अधिकाऱ्यांचा रोष ओढवून घेतला. १९६८च्या 'क्रेडो'मध्ये ख्रिस्तावरील श्रद्धेचा उघड उच्चार होता, त्यामुळे वाद आणखी चिघळला. त्यानंतर १९७१ची तिसरी सिंफनी वगळता आठ वर्षे त्यांनी फारसे लिहिले नाही. ग्रेगोरियन पठण, म्हणजे चर्चमधील जुने एकसुरी लॅटिन गायन, आणि आरंभीचे बहुस्वरी चर्चसंगीत यांचा अभ्यास करत, एकाच ओळीची सुरावट कशी श्वास घेते हे ते पुन्हा पहिल्यापासून शिकत होते. याच काळात ते ख्रिस्ती धर्माच्या ऑर्थोडॉक्स पंथात गेले. फिरणारा आवाज म्हणजे चुकणारा, भोगणारा माणूस आणि तीन स्वरांत राहणारा आवाज म्हणजे क्षमा, अशी त्यांची धारणा आहे. हे दोघे मिळून दोन होत नाहीत. एक अधिक एक बरोबर एक, असे त्यांच्या पत्नी नोरा यांनी त्याचे सूत्र मांडले. श्रद्धेचा भाग आपल्याला पटो न पटो, ऐकताना दोन्ही आवाज एकच वस्तू म्हणून धरावेत, ही सूचना मात्र तंतोतंत पाळण्यासारखी आहे.

यानंतर 'कॅन्टस' घ्यावे. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन डिसेंबर १९७६ मध्ये वारले, त्यांच्या स्मरणार्थ १९७७ साली केलेली ही रचना तंतुवाद्यवृंद आणि एक घंटा यांच्यासाठी आहे. लयीचा हिशेब अंगात मुरलेल्या श्रोत्याला ती फार लवकर वश होते. सर्वांत वरची व्हायोलिने ए मायनरचा अवरोह एका लयीत उतरतात, त्यांच्या खालचा गट तोच अवरोह निम्म्या लयीत, त्याखालचा त्याच्याही निम्म्या, असे पाच थर. म्हणजे तळाचा डबल बेस वरच्या लयीच्या एक षोडशांश गतीने चालतो. पहिल्या खेपेस केवळ वरची व्हायोलिने ऐकावीत, दुसऱ्या खेपेस सगळे लक्ष बेसवर ठेवावे. तळाला पोहोचल्यावर प्रत्येक गट तेथेच मुक्काम करतो, तो क्षण पकडता येतो का ते पाहावे. शेवटी वाद्ये थांबतात आणि हळूच वाजलेल्या घंटेची आस मागे राहते.

मुंबईत नेमकी ही आसच हरवते. लोकलमध्ये, भले कानात महागडे इअरफोन असोत, पॅर्ट ऐकू नये. घरी रात्री उशिरा ऐकावे आणि तेवढा वेळ पंखा बंद करावा. मे महिन्यात ही शिक्षाच आहे, म्हणून ही साधना थंडीत सुरू केलेली बरी. आवाज सुरुवातीच्या हळू भागावरून ठरवू नये, कारण 'कॅन्टस' चढत जाते आणि शेजारी भिंत ठोठावतील.

हे दोन्ही पचल्यावर १९७७चे 'तबुला रासा' ऐकावे. दोन व्हायोलिने, तंतुवाद्यवृंद आणि तारांमध्ये वस्तू अडकवून आवाज बदललेला पियानो यांच्यासाठी ते लिहिलेले आहे. १९८४ साली त्याच्याच नावाची ध्वनिमुद्रिका निघाली आणि पॅर्ट एस्टोनियाबाहेर सर्वदूर पोहोचले; तोवर ते देश सोडून व्हिएन्नामार्गे बर्लिनला स्थायिक झाले होते. दुसऱ्या भागात डी मायनरचा अवरोह खाली खाली सरकत रिषभापर्यंत येतो आणि तिथेच संपतो. षड्ज वाजत नाही, तो आपण मनात लावायचा असतो.

नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये पॅर्ट यांची एखादी रचना कार्यक्रमात असेल, तर जरूर जावे, पण दाद देण्याची आपली सवय दाराबाहेर ठेवावी. येथे सम नाही, त्यामुळे 'वाह' म्हणायची जागाही नाही. वाद्यवृंदाच्या संचालकाचे हात पूर्ण खाली येईपर्यंत टाळी वाजवू नये. तो न वाजलेला षड्ज तेवढ्याच वेळात असतो. येशूच्या मरणकथेवरचे, सत्तर मिनिटांच्या आसपास चालणारे 'पासिओ' मात्र पहिल्या वर्षी बाजूला ठेवावे, आणि पुढे ऐकायला घेतले की लॅटिन संहितेचा अर्थ समोर ठेवून एका बैठकीत पुरे करावे.