उन्हावर द्राक्षं गार करायची तर आधी वही काढा

सातपूरला माझी फॅब्रिकेशनची शेड आणि दिंडोरीकडे सासऱ्यांची द्राक्षबाग, त्यामुळे आरशांवर चालणारं प्री-कूलिंग (तोडलेली द्राक्षं लगेच गार करणं) करण्याचा हा नाद मला लागणारच होता. मी आधी ऊन एका जागी गोळा करणारी आरशांची डिश बनवली आणि गार किती करायचंय ते नंतर मोजलं. तुम्ही उलट करा.

एक टन द्राक्षं ३० अंशांवरून ४ अंशांवर आणायची तर साधारण २६ युनिट (किलोवॉट-तास) उष्णता काढावी लागते. सहा तासांत काढायची म्हटली तर सव्वा टन कूलिंग. हा टन वजनाचा नव्हे, एक कूलिंग टन म्हणजे साडेतीन किलोवॉट. यावरून सासऱ्यांशी माझा तासभर वाद झाला होता. भिंती, पंखे, दाराची उघडझाप धरून दोन टन पकडा.

उष्णतेवर चालून गारवा देणारं मशीन बघायला गेलात की लिथियम ब्रोमाइडचं दाखवतील. ते ८०-९० अंशांच्या पाण्यावर चालतं, ऑफिस गार करायला छान. पण त्यात गारवा देणारं द्रव्य पाणीच असतं, शून्याजवळ ते गोठणार. द्राक्षांना अमोनिया-पाण्याचंच हवं. त्याच्या जनरेटरला (डिझेलचा नव्हे, द्रावण उकळून अमोनिया वेगळा करणारी टाकी) सव्वाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. छपरावरच्या साध्या सोलर हीटरचं ते काम नाही.

ही उष्णता आरशांच्या डिशमधून घ्यायची. शेफलर प्रकारच्या डिश शिर्डीच्या प्रसादालयावर पाहिल्या असतील, ७३ आहेत, त्यांच्या वाफेवर स्वयंपाक होतो. तशा १६ चौरस मीटरच्या एका डिशमधून चांगल्या उन्हात साडेचार किलोवॉट उष्णता धरा. मशीन त्यातून निम्माच गारवा देतं. दोन टनांना सात किलोवॉट लागतात, म्हणजे चार डिश. फिरता दांडा उत्तर-दक्षिण, जमिनीशी २० अंशांवर, कारण नाशिकचा अक्षांश तेवढाच. डिश तासाला १५ अंश फिरते. ऋतूप्रमाणे झुकाव दर दोन-तीन दिवसांनी हाताने बदलायचा.

आता पाणी. हा हिशोब कोणी सांगत नाही. एक भाग गारवा मिळवताना तीन भाग उष्णता बाहेर टाकावी लागते. आपल्या दोन टनांना सहा तासांत कूलिंग टॉवरमधून दोनशेएक लिटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. एप्रिलमध्ये टँकर लागत असेल तर आत्ताच विचार करा.

अमोनियाच्या लाइनला तांबं-पितळ अजिबात नको, फक्त पोलाद. मी घाईत एक पितळी कॉक लावला होता. महिन्यात गळाला आणि शेडमधली सगळी माणसं डोळे चोळत बाहेर पळाली. वास आला की वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला पळायचं, हे मजुरांना पहिल्या दिवशीच सांगा.

दुसरी भीती लाइट जाण्याची. पंप थांबतो, पण ऊन थांबत नाही. रिसीव्हर (फोकसवरचं पाणी तापवणारं भांडं) कोरडा पडून जळतो. म्हणून वर एक टाकी ठेवा, म्हणजे पाणी आपोआप उतरत राहील, आणि डिश हाताने लगेच फोकसबाहेर वळवता आली पाहिजे. फोकसकडे काळ्या चष्म्याशिवाय बघू नका.

तोड सकाळी होते, जोरदार ऊन दहानंतर. मधला वेळ आदल्या दिवशी गार केलेल्या ब्राइनच्या (मिठाच्या पाण्याच्या) टाकीवर काढा. आरसे सकाळी, गार असताना पुसा. शेजारच्या बागेत फवारा चालू असेल त्या दिवशी ते झाका. चुन्या-मोरचुदाचा थर वाळला की निघता निघत नाही.